बेंजो बंद, मॉनिटर चालू

गावात टेम्पो पोचला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. साउंडवाला कुठंय? मी समोरच उभी असते. हातात केबलचं भेंडोळं असतं, मिक्सरची पेटी मीच उतरवलेली असते, तरी विचारणाऱ्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं जाते. साउंडचं मीच बघते असं सांगितलं की, व्हय का, पण मग जोडणी कोण करतं, असा दुसरा प्रश्न येतो. त्याला मी आता उत्तर देत नाही. जोडणी करायला लागते.

मी आंबवड्याची. वडील वरव्याजवळच्या एका कारखान्यात होते आणि कामगार संघटनेचं काम करायचे. आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी पत्रकांच्या घड्या घालत बसायचो आणि अक्षरओळखही त्यांच्यावरच झाली. ‘सर्व कामगार बंधू-भगिनींना जाहीर आवाहन’ हे मला कुठल्याही बालगीताच्या आधी पाठ होतं. माझं नाव क्रांती. वडिलांच्या मनात दुसरं नाव समता होतं, ते धाकटीला मिळालं. अशा घरात वाढलं की एक खोड लागते. कुठंही चार माणसं जमली की आपण नियम मांडायला लागतो. ‘दोन तालुके’ या आमच्या बँडचे नियम मी मांडले. त्यांतला एक माझ्याच हातून मोडला, की उलट त्या दिवशीच तो पहिल्यांदा नीट पाळला गेला, हे माझं अजून ठरत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

दोन तालुके म्हणजे भोर आणि वेल्हे. बँड जमला तो बाकीचे मोडले म्हणून. वरातीत डीजे आला आणि बेंजोपार्ट्या बसल्या. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचं तारवाद्य. एका हातानं कळा दाबायच्या, दुसऱ्या हातानं तार छेडायची, आणि ते विजेवर घेतलं की अख्खी वरात त्याच्यामागं नाचते. वेल्ह्याकडच्या दत्ताकाकांच्या बेंजोला लोक लांबून ओळखायचे. त्यांची पार्टी मोडली. नसरापूरचा ब्रासबँड बंद पडला, तिथला विष्णू ड्रम वाजवायचा. भोरमध्ये मिलिंददादांची गायनपार्टी होती. जयंतीला आणि विहारातल्या कार्यक्रमांना त्यांचा आवाज नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटायचं. त्यांचे वादक पुण्याला नोकरीला गेले. आणि भोरचाच सुहास पुण्यातलं कॉलेज अर्धवट सोडून गिटार घेऊन घरी परत आला होता, कारण त्याचाही बँड फुटला होता.

म्हणजे प्रत्येक मोडलेल्या पार्टीतला सगळ्यात नावाजलेला माणूस उरला होता. सुहास म्हणाला, बाहेरच्या देशांत याला सुपरग्रुप म्हणतात.

“म्हंजे उरल्यासुरल्यांची पार्टी,” दत्ताकाका म्हणाले. “बरं हाय की. वाजवू.”

सुहासच्या डोक्यात प्रोग्रेसिव्ह रॉक होतं. त्यानं आम्हाला ते मोबाईलवर ऐकवलं. अर्ध्या तासाचं एकच गाणं, त्यात पाच-सहा भाग, मध्येच ताल बदलणार, मध्येच सगळं थांबून एकच वाद्य वाजणार. हे फार अवघड असतं, यात सात मात्रांचं चक्र असतं, असं तो समजावून सांगत होता. दत्ताकाकांनी मांडीवर बोटं वाजवून बघितली आणि हे तर रूपक, भजनात रोजचंच, असं म्हणून चहा मागवला. सुहासचा चेहरा पडला. पण त्या दिवसापासून सात मात्रांची भीती कुणालाच राहिली नाही.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं आणि जुन्या गावाच्या भिंती, पायऱ्या, देवळाचा चौथरा वर येतो. दत्ताकाकांच्या वडिलांचं गाव असंच पाण्याखाली आहे. त्यावर आम्ही ‘पाणी उतरल्यावर’ नावाची मोठी रचना बांधली. शब्द माझे, गळा मिलिंददादांचा, बांधणी सुहासची. मधला तुकडा दत्ताकाकांचा. तिथं सगळे थांबायचे, बेंजो एकटा सुरू व्हायचा आणि खालून हळूहळू ड्रम यायचा. वरातीत नाचवणारं तेच वाद्य इथं रिकाम्या घरातून फिरल्यासारखं वाजायचं. बेंजो ऐकून हसायच्या तयारीत आलेली माणसंही तिथं गप्प व्हायची.

नियम असे होते. बँडला प्रमुख नाही. पोस्टरवर कुणाचा एकट्याचा फोटो नाही. कुठलाही निर्णय सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय नाही. आणि माझा खास नियम म्हणजे मिक्सरवर सगळ्यांचे फेडर एका रेषेत. फेडर म्हणजे आवाज वाढवण्या-कमी करण्याची सरकपट्टी. प्रत्येक वाद्याची, प्रत्येक गळ्याची एक. चार नावाजलेली माणसं, प्रत्येकाला आपल्या पार्टीत सगळ्यांत मोठ्यानं वाजायची सवय, तेव्हा समता आणायची तर ती पट्ट्यांपासून आणावी असं मला वाटलं.

पहिल्याच कार्यक्रमात बेंजोनं सगळ्यांना खाऊन टाकलं. मिलिंददादांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. पट्ट्या सारख्या असल्या म्हणून ऐकू सारखं येत नाही, हे शिकायला मला पत्रकांचा उपयोग झाला नाही. प्रत्येक पट्टीच्या वर एक गोल बटण असतं. माईकमधून मुळात किती आवाज आत घ्यायचा ते त्यावर ठरतं. पुढं मी खरं काम त्या बटणांवर करायला लागले आणि पट्ट्या एका रेषेतच ठेवल्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी स्टेजवर चढण्याआधी प्रत्येक जण मिक्सरवर एक नजर टाकायचा आणि रेष सरळ बघून समाधानानं वर जायचा. मिलिंददादा म्हणायचे, क्रांतीचा मिक्सर म्हणजे मोर्चा आहे, सगळे एका ओळीत.

आमचं नाव होत गेलं. जत्रा, कॉलेजांची संमेलनं, पानशेतला शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांसाठी हॉटेलवाल्यांनी ठेवलेले कार्यक्रम. एका जत्रा कमिटीच्या अध्यक्षांनी गाणं संपायची वाट बघत मध्येच माझ्याजवळ येऊन विचारलं होतं, ह्ये अजून पैलंच चाललंय का? मी हो म्हणाले. त्यांनी मांडी घातली आणि शेवटपर्यंत बसले. त्यांना आवडलं की नाही ते कळलं नाही, पण दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावलं.

दुसऱ्या एका गावाची गोष्ट वेगळी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं कमिटीतला एक जण कार्यक्रमाआधी सुहासला बाजूला घेऊन म्हणाला, त्या गायकाला सांगा, शेवटी जय भीम म्हणू नका, आमच्याकडं चालत नाही. मिलिंददादा प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी जय भीम म्हणतात, त्यात नवं काही नव्हतं. सुहासनं ते सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या डोक्यात तोवर भाषणाचा मजकूर तयार झाला होता. पण मी तोंड उघडायच्या आधी दत्ताकाकांनी बेंजोची वायर काढली आणि गुंडाळायला घेतली. तो कमिटीवाला त्यांच्याच भावकीतला होता. म्हणाला, दत्तातात्या, तुमाला कुठं कोण काय म्हणतंय?

“मला न्हाई म्हनला, त्येच तर,” काका म्हणाले. “आमची समद्यांची एकच पार्टी हाय. त्यानी म्हनायचं न्हाई, तर मी वाजवायचं न्हाई.”

आम्ही न वाजवता परत आलो.  टेम्पोत मिलिंददादांनी काकांपुढं तंबाखूची पुडी धरली. मला वाटतं, बँड म्हणून आम्ही त्या दिवशी तयार झालो.

मात्र बँड तोच राहत नाही. आमचा ड्रमवाला टिकायचा नाही. विष्णू वरव्याच्या एका कंपनीत कायम झाला आणि शिफ्टमुळं सुटला. त्याच्या जागी आलेला पुण्याच्या डीजेकडं गेला. तिसरा ओंकार, अंगानं किरकोळ, वागायला शांत. तो इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवायचा. लहानशा रबरी चकत्या, त्यांवर मनगटं हलवली की हवा तो ड्रम वाजतो. लोक चेष्टा करायचे, तुमचा ड्रमवाला म्हणजे एसटीचा कंडक्टर, दर फेरीला नवा.

ओंकार आला त्या हंगामात बेंजो मागं पडायला लागला. फार नाही. पण सगळे एकदम जिथं पडायचे तिथं काका किंचित उशिरा पडायचे. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, नुसतं चप्पल सैल झाल्यासारखं वाटतं. साउंडला बसलेल्याला मात्र हे सगळ्यांत आधी कळतं. शिवाय काका दर कार्यक्रमाला स्वतःच्या मॉनिटरचा आवाज वाढवून मागत होते. मॉनिटर म्हणजे वादकाच्या पायाशी त्याच्याकडं तोंड करून ठेवलेला स्पीकर, त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून. आयुष्यभर वरातीच्या कर्ण्यांशेजारी उभा राहिलेला माणूस आवाज वाढवून मागतो, याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच असतो.

एक दिवस सुहास आणि मिलिंददादा मला भेटायला घरी आले. काका नव्हते, ओंकारही नव्हता. सुहास बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला. लोकांकडं जाणारा आवाज आणि मॉनिटरचा आवाज मिक्सरमध्ये वेगवेगळे असतात. एक बंद ठेवून दुसरा चालू ठेवता येतो. तर बेंजो लोकांसाठी बंद करायचा आणि काकांच्या मॉनिटरमध्ये भरपूर सोडायचा. त्यांना वाटेल आपण वाजवतोय. तो तुकडा सुहास मागून गिटारवर भरून काढेल. कुणाचा अपमान नाही, काकांचं स्टेज सुटत नाही, कार्यक्रमही वाचतो.

मोठमोठ्या कार्यक्रमांत हे सर्रास करतात. यात नवीन काही नव्हतं आणि वाईट हेतूही नव्हता. तरी मी नाही म्हणाले. सुहास म्हणाला, तुझी तत्त्वं बाजूला ठेव, त्यांचं वय बघ. मी म्हणाले, माणूस घाम गाळून वाजवतोय आणि आपण सगळे मिळून त्याला वाजू देत नाही, वर त्याच्यासमोर माना हलवतोय. याला दया म्हणायचं असेल तर म्हण, मी पट्टी खाली ओढणार नाही. तुम्हाला काका नको असतील तर काकांसमोर बोला. नियम तोच आहे.

 मिलिंददादा एवढंच म्हणाले, “त्या गावात वायर काढताना काकांनी मला विचारलं नव्हतं. त्यांना सांगायला आता माझी जीभ रेटत नाही.”

मग ते माझ्यावर आलं. नाही म्हणणाऱ्यानंच पुढचं करायचं असतं, ही आमच्या घरची शिकवण. आंबवड्याच्या जत्रेत दुपारी जोडणी चालू असताना मी काकांना सांगितलं. सरळ सांगितलं, कारण मला आडून बोलता येत नाही. काका, तुम्ही मागं पडताय.

त्यांनी बेंजोच्या कळांवरून फडकं फिरवणं थांबवलं नाही.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “मला ड्रम ऐकू येत न्हाई. लई दिस झालं.”

“मग इतके दिवस कसं वाजवत होता?”

“बघून. इष्णूचा खांदा वर गेला की माझं बोट खाली. त्ये डीजेवालं पोरगं तर अख्खं उडायचं, आंधळ्यालाबी दिसलं असतं. आनि ह्यो ओंकार,” त्यांनी स्टेजच्या मागच्या बाजूला हनुवटी केली, “ह्यो पीठ मळल्यावानी वाजवतो. काय बघायचं त्याचं?”

मी ओंकारला हाक मारली. त्याचे पॅड मागून उचलले आणि काकांच्या उजव्या हाताला, समोरासमोर मांडले. ओंकारला सांगितलं, प्रत्येक समेला मान हलवायची. पोरगा लाजाळू. पहिल्यांदा त्याला स्वतःचंच हसू यायचं. सुहास म्हणाला, स्टेज वाकडं दिसतंय. दिसू दे, म्हटलं. त्या संध्याकाळी बेंजो तालात पडला. मिलिंददादांनी गाता गाता माझ्याकडं बघितलं आणि मी उगाचच एक केबल तपासायला खाली वाकले.

तो हंगाम असा निभला, आणि पुढचाही थोडा. मला वाटलं, खरं बोललं की वाट सापडते. हे वाक्य मी कुठल्याही पत्रकावर छापलं असतं. पण कान थांबत नाहीत. नंतर काकांना ओंकारची मान दिसत असूनही स्वतःचं वाद्य नीट ऐकू येईना. मॉनिटर इतका वाढवावा लागायचा की तो मिलिंददादांच्या माईकमध्ये शिरून शिट्टी मारायचा. पुण्यातल्या एका कार्यक्रमात मधल्या तुकड्याला ती शिट्टी इतकी वाढली की मला सगळंच बंद करावं लागलं. लोक हसले नाहीत, पण पुढच्या रांगेत एकीनं कानांवर हात ठेवले. काकांनी ते बघितलं. सगळं बघूनच करणारा माणूस तो.

त्यानंतरचा कार्यक्रम पानशेतला होता, एका हॉटेलच्या लॉनवर, संध्याकाळी. जोडणी झाल्यावर काका माझ्याकडं आले. असं ते सहसा येत नाहीत, स्टेजवरूनच हाक मारतात.

“क्रांते, आज मधल्या तुकड्याला मला भाईर बंद कर. मॉनिटर तेवढा ऱ्हाऊ दे, जरा कमी करून.”

“लोकांना मग काय ऐकू जाणार?”

“सुहास वाजविल. शिकिवलाय म्या त्याला. म्हैनाभर येतोय त्यो घरी.”

सुहासनं यातलं आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. काकांनीच त्याला तशी शपथ घातली होती, हे नंतर कळलं.

“तो वाजवणार, तर मग तुम्ही कशाला वाजवायचं?”

“मी वाजवल्याबिगर त्यो तुकडा व्हतोय व्हय?”

मी म्हणाले की सुहास आणि मिलिंददादांनी तुमच्या माघारी हेच सुचवलं होतं आणि मी ते नाकारलं होतं. तुम्ही वाजवायचं आणि लोकांना ऐकू जायचं नाही, हे मला पटत नाही. काका माझ्यापेक्षा शांत होते.

“तवा तुमी मला न सांगता करनार हुता. आता मी सवता सांगतोय. ह्यात फरक हाय का न्हाई, त्ये तू सांग. कायदा तुझाच हाय.”

एकमताचा नियम होता, म्हणून मी मिलिंददादांना विचारलं. ते घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, काका म्हणतील तसं. ओंकारनं फक्त विचारलं, मी मान हलवायची ना? काका म्हणाले, हलव, जोरात हलव.

कार्यक्रम सुरू झाला. मागं धरणाचं पाणी, लॉनवर खुर्च्या, मधून भज्यांच्या प्लेटा घेऊन फिरणारे वेटर. मधला तुकडा आला तसे सगळे थांबले. मी बेंजोची पट्टी तळापर्यंत ओढली. इतकी वर्षं सरळ राहिलेली रेष एका जागी तुटली. सुहासची गिटार सुरू झाली. छान वाजवली त्यानं, स्वच्छ, तालात. काका मान खाली घालून वाजवत होते. लोकांनी त्यांच्याकडं बघितलं असेल तर त्यांना वाटलं असेल, साथ करतायत.

मिक्सरवर प्रत्येक वाद्याशेजारी एक छोटं बटण असतं. ते दाबलं की बाहेर बंद असलेलं वाद्यही साउंडवाल्याला हेडफोनमध्ये एकटं ऐकता येतं. बिघाड शोधायला ते वापरतात. मी ते दाबलं आणि हेडफोन कानाला लावले.

काका मागं होते. मान हलवणाऱ्या ओंकारकडं बघितलं की कळत होतं, बरेच मागं होते. पण हेडफोनमध्ये ड्रम नव्हता, गिटार नव्हती. पुढं कुणी नव्हतं, म्हणून ते मागंही नव्हते. तुकडा पुरा होता, त्यांच्या चालीनं, थोडा सावकाश. आम्ही आजवर त्यांना तालात ओढून जरा घाईच करत होतो असं वाटण्याइतका पुरा. सुहासचा तुकडा आधी संपला. टाळ्या वाजताना मला लोकांचे हात दिसत होते, आवाज येत नव्हता. कानात बेंजो अजून चालू होता.

कार्यक्रमानंतर काका वायर गुंडाळत माझ्याशेजारी येऊन बसले.

“ऐकलंस का?” त्यांनी विचारलं. मी हेडफोन लावलेले त्यांनी बघितले असणारच.

“ऐकलं. तुम्ही मागं होता, काका.”

“आनि?”

“आणि तुकडा बरोबर होता.”

ते मान हलवत राहिले. लॉनवर वेटर खुर्च्या एकात एक घालत होते. मग त्यांनी विचारलं की मी ते मोबाईलमध्ये किंवा मिक्सरमध्ये भरून घेतलं का. भरून घेणं एका बटणाचं काम होतं. माझ्या मनात आलं होतं, पण त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते दाबलं नव्हतं. तसं सांगितलं.

“बरं केलंस,” काका म्हणाले. “सुहासला आता त्याच्या चालीनं वाजवू दे. माझं कुनी त्याला ऐकवाया नको.”

त्यांनी वायर माझ्या हातात दिली आणि टेम्पोत पुढं, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. बेंजोची पेटी नेहमीसारखी मागं सामानात ठेवायला मी हात पुढं केला, तर त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि दार ओढून घेतलं.